पाखंड : शिवी होण्याआधीचा शब्द

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीने जगातल्या प्रमुख धर्मांवर शाळेचा प्रकल्प केला. त्यात कुठल्याशा जुन्या पुस्तकातून वाक्य उतरवलं : ‘इ.स.पू. सहाव्या शतकात गंगेच्या खोऱ्यात अनेक पाखंडी पंथ उदयाला आले.’ बाईंनी ‘पाखंडी’भोवती लाल गोल काढून समासात लिहिलं, ‘ढोंगी? हा अपमान आहे.’ तर पाखंडी म्हणजे ढोंगी का? आणि धर्म, पंथ, संप्रदाय यांत नेमका फरक काय?

पहिल्याचं उत्तर : नाही. हिंदी वाहिन्या बघून बघून आपल्याकडेही हा अर्थ घुसलाय. आता सिंहस्थ तोंडावर आला की रामकुंडापासून कुशावर्तापर्यंत जो तो ‘पाखंडी बाबां’वर तावातावाने बोलणार. अहो, त्यासाठी मराठीत भोंदू आहे, दांभिक आहे, बगळाभगत आहे. घरचं एवढं असताना उसनवारी कशाला? मनूलासुद्धा हा फरक कळत होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाकोणाचा शब्दानेसुद्धा मान ठेवू नये याची यादी आहे. तिच्यात ‘पाषण्डिन्’ (हेच आपल्या पाखंडीचं संस्कृत रूप) वेगळे, मांजराचं सोंग घेणारे ‘बैडालव्रतिक’ वेगळे आणि बगळ्यासारखे ‘बकवृत्ती’ वेगळे. ढोंग्यांसाठी दोन स्वतंत्र शब्द हाताशी असताना मनूने तिसरा उगाच खर्चला असेल का? पाषंडी म्हणजे त्याच्या लेखी वेद न मानणारा. माणूस प्रामाणिक असेल, पण आपल्यातला नाही.

पण हीसुद्धा मागाहूनची गोष्ट. त्याआधी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, अशोकाचा बारावा शिलालेख सांगतो की राजा सगळ्या पाषंडांचा म्हणजे पंथांचा, प्रव्रजितांचा म्हणजे घर सोडलेल्यांचा आणि गृहस्थांचा आदर करतो. पुढे तो म्हणतो की आपल्या पाषंडाची फुशारकी मारून दुसऱ्याच्या पाषंडाला नावं ठेवणारा आपल्याच पाषंडाचं नुकसान करतो, म्हणून जिभेला आवर घाला. लक्षात घ्या, ‘आपला पाषंड’! दिल्लीच्या स्तंभावरच्या त्याच्याच सातव्या लेखात पाषंडांच्या यादीत बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक (नियतीच सगळं ठरवते असं मानणारे संन्यासी) आणि निर्ग्रंथ म्हणजे जैन असे सगळे एका पंगतीला बसवले आहेत. बाराव्या शिलालेखाचा मजकूर कंदाहारला ग्रीकमध्ये कोरला, तेव्हा पाषंडासाठी शब्द योजला ‘दियात्रिबे’, म्हणजे विचारांची शाळा. ओरिसातला खारवेल राजा जैन. तो हाथीगुंफेतल्या लेखात स्वतःला अभिमानाने ‘सवपासंडपूजक’ म्हणवतो. आजच्या अर्थाने वाचलं तर सगळ्या भोंदूंचा भक्त!

आता व्युत्पत्ती. संस्कृत टीकाकार सांगतात : ‘पा’ म्हणजे पालन करणारा वेदधर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंड. काही मराठी लेखक अजून हेच डोळे मिटून छापतात. ही व्युत्पत्ती नव्हे, ही कोटी आहे. अशोकाच्या लेखांत या शब्दात ‘ख’ औषधालाही नाही. गिरनारला ‘पासंड’ आहे, शाहबाजगढीला ‘प्रषंड’. ‘ख’ आला तो उत्तरेत ‘ष’चा उच्चार ‘ख’ व्हायला लागल्यावर. वर्षाची बरखा झाली, भाषेची भाखा झाली, तसाच पाषंडाचा पाखंड. मुळात ‘खंड’च नसेल तर खंडन कशाचं करता?

बौद्ध टीकाकार तरी कुठे मागे राहिले? त्यांनी शब्दात ‘पास’ म्हणजे पाश शोधला आणि अर्थ लावला, लोकांच्या मनावर मतांचं जाळं टाकतात ते पासंड. हे अर्थातच इतरांबद्दल. सगळ्यांचा मिळून असलेला शब्द दोन्हीकडच्यांनी शेजाऱ्याच्या अंगावर फेकला.

मला पटते ती पर्षद्‌ची वाट. पर्षद् म्हणजे परिषद, एका विचाराच्या लोकांची बैठक. तिच्यापासून पार्षद आणि पुढे पाषंड. शाहबाजगढीच्या ‘प्रषंड’मधला ‘र’ त्याचीच खूण. मध्येच अनुस्वार कुठून टपकला, असं विचारणाऱ्यांनी प्राकृत बघावं : वक्रचं वंक झालं, अश्रूचं अंसु, दर्शनाचं दंसण. ‘र’ जाताना जागेवर अनुस्वार ठेवून जातो, ही प्राकृताची जुनी खोड आहे. थोडक्यात, जिल्हा परिषद आणि पाखंड हे चुलतभाऊ. सन्माननीय सदस्यांनी रागावू नये.

आणि ही पर्षद् बघायला लांब जायला नको. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या लेण्यावर (पांडवांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, लेखातलं डोंगराचं नाव त्रिरश्मी) क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. लेणं दिलंय बौद्ध भिक्षूंना, पण वर पुण्याचा हिशेब मांडलाय सगळ्यांचा : ब्राह्मणांना गायी, गावं, आणि गोवर्धन, सोपारा वगैरे चार ठिकाणच्या ‘चरकपर्षद्’ना नारळाची ३२ हजार झाडं. चरक म्हणजे फिरस्ते तपस्वी की वेदाच्या एका शाखेचे ब्राह्मण, यावर विद्वान भांडतात, भांडोत बापडे. गोवर्धन म्हणजे हेच आपलं नाशिकजवळचं. भिक्षूंच्या दारावर दुसऱ्यांच्या पर्षदांचा उल्लेख कोरलेला, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही! व्हरांड्यात उभं राहून मान वर केली की ओळी दिसतात. लोक त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात, तो भाग सोडा.

असा प्रवास एकट्या पाखंडाचा नाही. ग्रीक ‘हैरेसिस’ म्हणजे मुळात निवड, मग विचारांचा गट. परुशी, सदूकी हे यहुद्यांमधले हैरेसिस होते, आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनाही विरोधक ‘नासोरींचा हैरेसिस’ म्हणत. पुढे ख्रिस्ती लोकांच्याच तोंडी तोच शब्द धर्मद्रोहाचा शिक्का झाला. मराठी बायबलात त्यासाठी ‘पाखंडी मते’ योजलंय. ज्याने कोणी योजलं त्याने फार नेमकं काम केलं.

तर ताई, बाईंचा लाल गोल राहू द्या, कारण आजच्या वाचकाला तो शब्द शिवीच वाटणार. मात्र ‘ढोंगी’ हे कारण चूक, आणि तसं बाईंना सांगायला हरकत नाही. मुलीला ‘श्रमण पंथ’ (वेद न मानणाऱ्या संन्याशांचे पंथ) लिहायला सांगा, आणि कंसात बौद्ध, जैन, आजीवक ही तिन्ही नावं घालायला सांगा. आजीवकांना सगळेच विसरतात. ‘पाखांडी’ असंही रूप मराठीत चालतं, तेव्हा तेवढ्यावरून कोणाचे गुण कापू नयेत.

धर्म, पंथ आणि संप्रदायाचं राहिलंच. ते पुन्हा कधी तरी.