वाचक विचारतात : माळ्यावरची जपानी गिटार

प्रश्न : चतुर्थीपूर्वीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून एक इलेक्ट्रिक गिटार निघाली. शेजारच्या एका तारवटी गृहस्थांनी ती जहाजावरून परतताना आणली होती आणि पुढे मुंबईला बिऱ्हाड हलवताना माझ्या वडिलांना देऊन टाकली, एवढेच आईला आठवते. तिच्यावर चार पिकअप (तारांचे कंपन पकडून अॅम्प्लिफायरला पोचवणारे भाग) आहेत, बटणांची एक रांग आहे आणि मागच्या पत्र्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान’ अशी अक्षरे आहेत. कंपनीचे नाव मात्र कुठेच नाही. वाद्यांच्या दुकानात दाखवली तेव्हा ‘ही प्लायवूडची आहे, हिच्यावर खर्च करण्यापेक्षा नवी घ्या’ असे सांगण्यात आले. पुण्याला शिकणारा माझा मुलगा म्हणतो की लोक अशा गिटारी शोधत फिरतात. ज्या वाद्यांना त्या काळीही कोणी उंची म्हटले नाही, त्यांत आज लोकांना एवढे काय दिसते?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही आणि आपल्या चिरंजीवांचेही नाही. आपली गिटार बहुधा प्लायवूडचीच असेल, आणि तिला आज जे गिऱ्हाईक आहे ते काही अंशी त्या प्लायवूडमुळेच आहे.

१९५४ मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेच्या बाजारात आली तेव्हा तिची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती. मुलाने हट्ट करावा आणि कामगार बापाने तो पुरवावा, अशी ती रक्कम नव्हती. अशा घरांपर्यंत इलेक्ट्रिक गिटार पोचवली ती सचित्र यादी छापून टपालाने माल धाडणाऱ्या सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड यांसारख्या पेढ्यांनी. शिकागोची हार्मनी, न्यू जर्सीची डॅनइलेक्ट्रो अशा कारखान्यांकडून सीअर्स माल घेत असे आणि त्यावर ‘सिल्व्हरटोन’ हे आपले नाव घालत असे. नेथन डॅनियल यांनी १९४७ मध्ये काढलेल्या डॅनइलेक्ट्रोने साठच्या दशकाच्या आरंभी सीअर्ससाठी एक संच तयार केला, ज्यात गिटार ठेवायच्या पेटीतच अॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवलेला होता. गिटार, पेटी आणि अॅम्प्लिफायर मिळून किंमत सुमारे ६८ डॉलर. एवढ्या पैशांत हे बसवायचे म्हणून डॅनियल यांनी भरीव लाकूड सोडून दिले, लाकडी चौकटीवर पुढून-मागून हार्डबोर्ड चिकटवला, त्याच्या उघड्या कडा झाकण्यासाठी बाजूने व्हिनाइलची पट्टी फिरवली आणि पिकअपची कॉइल लिपस्टिकच्या धातूच्या नळीत घातली.

पुढे ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा कार्यक्रम अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर झाला आणि घराघरांत मुले गिटार मागू लागली. तिथल्या कारखान्यांना ती मागणी पुरी करता येईना, तेव्हा आयातदारांनी जपानकडे मोर्चा वळवला. १९४६ मध्ये सुरू झालेल्या टेस्को या जपानी कंपनीची गिटार ‘टेस्को डेल रे’ या नावाने अमेरिकेत गेली, आणि त्याच काळात इतर अनेक नावांनीही जपानी गिटारी तिथे पोचल्या, कारण ज्या व्यापाऱ्याने मागणी नोंदवली त्याचे नाव गिटारीच्या डोक्यावर लागत असे आणि पुष्कळदा काहीच लागत नसे. आपल्या गिटारीवर नाव नाही याचे कारण बहुधा हेच. पाटी गळून पडली असेल तर तिथे खिळ्यांची भोके किंवा गोंदाचा डाग सापडेल. चार पिकअप आणि बटणांची रांग हीसुद्धा त्या वेळची विक्रीची युक्ती होती, कारण यादीतल्या चित्रात जितकी बटणे जास्त तितके गिऱ्हाईक खूश. १९६७ मध्ये टेस्को कंपनी कावाई या जपानी वाद्यकंपनीने विकत घेतली, आणि दशक संपेपर्यंत गिटारींचा तो पूरही ओसरला.

आता आवाजाकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. चांगल्या कारखान्यात पिकअपची कॉइल वितळलेल्या मेणात बुडवत, म्हणजे तारेची वेटोळी घट्ट बसतात आणि स्वतः थरथरत नाहीत. स्वस्त गिटारींत ही पायरी पुष्कळदा गाळलेली असे. त्यामुळे तो पिकअप तारांच्या कंपनाबरोबर लाकडावर बोट वाजवल्याचा ठोका, झंकार सुरू होण्याआधी नखाने केलेली किरकिर, क्वचित समोर बोलणाऱ्याचा शब्दसुद्धा थोडा थोडा पकडतो. फार मोठ्या आवाजावर तो शिट्टी मारू लागतो, पण मध्यम आवाजावर त्यातून जो जिवंतपणा येतो तो निर्दोष पिकअपातून येत नाही. त्यात पोकळ किंवा प्लायवूडची हलकी बॉडी आणि सैलसर ब्रिज (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग) आला की स्वर लवकर मिटतो, आणि तारेचा पहिला आघात ठसठशीत ऐकू येऊन मागची शेपटी आखूड राहते. ज्यांना दहा सेकंद टिकणारा स्वर हवा त्यांच्यासाठी हा दोषच आहे. ज्यांना ताल धरायचा आहे, किंवा गायकाच्या आवाजाखाली जागा मोकळी ठेवायची आहे, त्यांना मात्र हीच गोष्ट हवी असते. डॅनइलेक्ट्रोत दोन पिकअप एकत्र लावले की ते एकामागे एक अशा जोडणीत येतात, म्हणून आवाज कमी न होता वाढतो आणि भरदार होतो. ही बहुतेक महागड्या गिटारींतली रीत नव्हे.

आपल्याकडच्या घुमटाची आठवण इथे मला नेहमी होते. मातीचे मडके आणि एका तोंडावर ताणलेले कातडे, एवढाच त्याचा ऐवज. पण चतुर्थीच्या आरतीला घुमट वाजू लागल्यावर त्याला पखवाजाची स्वस्त नक्कल म्हणणारा माणूस गोव्यात सापडायचा नाही. या गिटारींच्या वाट्याला ही दृष्टी उशिरा आली. अमेरिकन गिटारवादक राय कुडर यांनी आपल्या फेंडर गिटारीत मानेच्या बाजूला टेस्कोचा सोनेरी जाळीचा पिकअप बसवला, तेव्हा तो पैसे वाचवण्यासाठी नव्हता. स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवत वाजवताना हवा तो स्वर त्यांना त्यात मिळाला होता. लेड झेपलिन या रॉक बँडचे गिटारवादक जिमी पेज यांनी डॅनइलेक्ट्रो मंचावर वाजवली, आणि रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांची पहिली इलेक्ट्रिक गिटार ही सुप्रो या स्वस्त ब्रँडची होती. अलीकडे रॉक गायक-गिटारवादक जॅक व्हाइट यांच्या हातातल्या, माँटगोमेरी वॉर्डने विकलेल्या फायबरग्लासच्या एअरलाइन गिटारीने या वेडाला खतपाणी घातले आणि भावही चढवले. वाढलेल्या भावाचा बराचसा वाटा या नावांचा आहे, हे मी लपवणार नाही.

हे सारे मला अक्कलखाती शिकावे लागले. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात परदेशी पाहुणे घरी परतण्याआधी आपले सामान विकून मोकळे होत, त्या दिवसांत मी तिथून अशीच एक बिननावाची जपानी गिटार उचलली. वाजवताना ती गुरगुरायची, खाकरायची, जवळ उभे राहिले की शिट्टी मारायची. म्हणून मी शहाणपणाने तिचे दोन्ही पिकअप काढून चांगल्या कंपनीचे नवे बसवले आणि जुने भंगारात दिले. गुरगुर गेली, आणि तिच्याबरोबर ज्यासाठी मी ती घेतली होती ते सगळेच गेले. जे उरले ते साधारण नव्या गिटारीसारखे होते, फक्त वाजवायला त्याहून अवघड. तेव्हापासून माझा नियम असा आहे की जे वाजवू देत नाही ते दुरुस्त करावे आणि जे नुसते विचित्र ऐकू येते त्याला हात लावू नये.

आपल्या गिटारीला हा नियम लावायचा तर आधी नव्या, हलक्या तारा बसवाव्यात, खुंट्यांच्या दातांना शिलाई यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा, आणि बटणे व आवाजाच्या चकत्या कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा फवारा) मारून वीस-पंचवीस वेळा फिरवाव्यात. माळ्यावर इतके पावसाळे काढल्यावर होणारा कडकडाट बहुतेक वेळा एवढ्यानेच जातो. एक सूचना विसरू नका. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसाला नेमकी बसत नाही, आणि गंजलेल्या स्क्रूवर जोर केला की डोके खरवडून निघते; अशा वेळी तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक मिनिटभर स्क्रूवर धरावे, तो निवू द्यावा आणि मग फिरवावा. काही बदललेच तर काढलेला भाग, कितीही निरुपयोगी वाटला तरी, पिशवीत घालून गिटारीबरोबर ठेवावा.

प्रश्न : अशी एखादी जुनी गिटार विकत घ्यावी असे मनात आहे. फसगत होऊ नये म्हणून काय पाहावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सर्वांत आधी मान पाहा, आणि मान सरळ नसेल तर पुढचे काही पाहू नका. आजच्या गिटारीच्या मानेत फिरवून सरळ करता येणारा ट्रस रॉड असतो. या जुन्या स्वस्त गिटारींपैकी पुष्कळांच्या मानेत नुसती पोलादी पट्टी बसवलेली असते, जी मानेला बळ देते पण वाकलेली मान सरळ करू शकत नाही. ‘स्टील रीइन्फोर्स्ड’ ही जाहिरात होती तशीच ती कबुलीही होती. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) एकाच वेळी दाबावी आणि मधल्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत किती फट राहते ते पाहावे. जाड कागद जाण्याइतकी फट चालेल, पण नाणे जात असेल तर त्या मानेवर कारागिराला जे द्यावे लागेल ते गिटारीच्या किमतीहून जास्त होण्याचा संभव आहे. मान सरळ असून तारा फक्त उंच असतील तर मात्र घाबरू नये, कारण मान बॉडीला जिथे स्क्रूने जोडलेली असते तिथे पातळ लाकडाची चीप सरकवून कोन बदलता येतो, आणि हे काम तासाभराचे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. गिटारीच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या किती वर असते हे आपल्या घरातली भिंत सांगेल. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या घरातून आलेली गिटार घेताना प्लायवूडचे थर कडेला सुटलेत का, पिकअपच्या झाकणाखाली हिरवट गंज चढला आहे का आणि लाकडाला बारीक भोके पडून खाली पीठ सांडते आहे का, हे बॅटरीच्या उजेडात नीट पाहावे. गंज पुसता येतो, सुटलेले थर गोंदाने आणि शिकंज्याने बसतात. कीड लागलेली गिटार मात्र घरातल्या इतर लाकडाच्या काळजीपोटी तरी घरात आणू नये. विकत घेतल्यावर पावसाळ्यात ती भिंतीवर टांगू नका. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या दर पंधरवड्याला तव्यावर सुकवून घ्या.

आवाज पाहण्यासाठी विक्रेत्याला अॅम्प्लिफायर लावायला सांगा. घरघर ऐकून मागे हटू नका, कारण एका कॉइलचा पिकअप विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घरघर पकडणारच, आणि गिटार हातात धरून जागच्या जागी वळलात की एका दिशेला ती कमी झालेली ऐकू येईल. पिकअप पूर्ण मुका असेल तर मात्र केसाहून बारीक तार आत कुठेतरी तुटलेली असते. ती नव्याने गुंडाळता येते, पण मग तो मूळचा आवाज राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या बँडमध्ये कोलकात्यात बनलेल्या गिटारी होत्या. त्यांनाही या पंक्तीत बसवावे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : जरूर बसवावे, जरी परदेशी संग्राहक त्यांच्याकडे अजून फारसे वळलेले नाहीत. १९९१ पूर्वी परवान्यांमुळे आणि आयातकरामुळे परदेशी वाद्य सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. ज्यांच्या घरी कोणी तारवटी नव्हता किंवा आखातात नोकरीला नव्हता, त्यांना देशी गिटार हीच गिटार होती. गिवसनसारख्या कोलकात्याच्या नावांवर देशभरातल्या किती मुलांनी पहिला कॉर्ड धरला असेल. आपल्याकडे त्यांतली एखादी उरली असेल तर वर सांगितलेली मानेची परीक्षा तिलाही लावा, आणि ती पास झाली तर विकू नका.

प्रश्न : अमेरिकेहून परतलेल्या आतेभावाने तिथल्या बाजारातून साठच्या दशकातला एक छोटा व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचा) अॅम्प्लिफायर आणला आहे. दोन पिनांच्या प्लगला अॅडॉप्टर लावून तो घरी चालवता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. अमेरिकेतली वीज सुमारे १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची आहे, आणि प्रवासात वापरतो तो अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला तरी काम संपत नाही. त्या काळच्या काही छोट्या अॅम्प्लिफायरांत पैसे वाचवण्यासाठी विजेपासून अलग करणारा ट्रान्सफॉर्मरच नसे, अर्थिंगची तिसरी पिनही नसे, आणि गिटारीच्या तारा वायरीमार्फत त्याच चासिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत घरची वीज येऊ शकते. स्वस्ताईच्या ज्या तडजोडींचे मी वर कौतुक केले, त्यांत ही धरू नये. आत काय आहे ते स्वतः उघडूनही पाहू नका, कारण प्लग काढल्यानंतरही जुन्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट साचून राहू शकतात. व्हॉल्व्हच्या रेडिओंवर काम केलेला एखादा जुना कारागीर मडगावात किंवा वास्कोत विचारपूस केल्यास सापडेल. त्याच्याकडून कपॅसिटर बदलून, अलग करणारा ट्रान्सफॉर्मर आणि अर्थिंगची वायर बसवून घ्या. तोवर प्लग कापून वेगळा ठेवा, कारण घरात पाहुणे आले की एखादा भाचा तो लावून पाहिल्याशिवाय राहणार नाही.