डिचोलीच्या ताईंना : किनाऱ्यावर आठवडा काढा, पण ठेव मोडू नका

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं मुख्य तेवढं सांगतो. घरचे दोन ट्रक पूर्वी खनिज वाहतुकीला होते, खाणी बंद पडल्यावर ते विकावे लागले. आता यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, तुम्ही एका शाळेच्या कार्यालयात. दोघांचे मिळून ६२,००० रुपये हातात येतात. घरखर्च ५२,०००, आवर्ती ठेव ४,०००, म्युच्युअल फंडाची एसआयपी ३,०००, आणि उरतात तीन हजार. तालुक्यातल्या पतसंस्थेत दीड लाखाची मुदत ठेव आहे. मुलगा अकरावीत, सासूबाई ६८ वर्षांच्या. दारात एक जुनी पण धड चालणारी गाडी.

तुम्ही लिहिता, 'पुण्याचे पाहुणे येऊन तेरेखोलपासून पाळोळ्यापर्यंत सगळं बघून जातात, आम्ही मात्र त्यांना भाकऱ्या वाढत घरीच.' मुलगा पुढच्या शिक्षणाला बाहेर पडण्याआधी आणि सासूबाईंचे गुडघे साथ देताहेत तोवर चौघांनी आठवडाभर किनारा फिरावा असं तुमच्या मनात आहे. एजंटाने वर्षअखेरच्या आठवड्याचं रिसॉर्टचं पॅकेज ७८,००० ला सांगितलं आहे, तेही बारा हप्त्यांत. यजमानांचं म्हणणं, गोव्यात राहून गोव्यातच खोलीचं भाडं भरायचं म्हणजे पैसे पाण्यात. ठेव मोडावी, हप्ते घ्यावेत की बेतच सोडून द्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

बेत सोडू नका. ठेवीला मात्र हात लावू नका, आणि हप्त्यांचं नाव काढू नका.

हप्त्यांचं आधी सांगतो, कारण तिथे विचार करण्यासारखं फारसं नाही. ७८,००० चं कर्ज १५ टक्क्यांनी बारा महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ७,०४० रुपये बसतो. वर्षभरात फेडाल साधारण ८४,५००, शिवाय दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून आणखी १,८००. म्हणजे ८,३०० रुपये नुसते उसनवारीचे. त्याहून मोठी अडचण अशी की तुमच्याकडे उरतात तीन हजार आणि हप्ता सात हजारांचा. वरचे चार हजार कुठून येणार? आवर्ती ठेव बंद पडेल. ती तुम्ही चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी, आणि मुलाच्या फीसाठी ठेवली आहे. मग पुढच्या चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या मांडवाचं, सामान आणायच्या वेळी पुन्हा उधारी. एका आठवड्याच्या सहलीने पुढचं वर्ष बिघडवायचं, हे मला मुळीच पटत नाही.

आता ठेव. तुमच्या घराला हे मी काय सांगावं? २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ पासून परत थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत त्या काळात ज्यांच्या गाठीला सहा महिन्यांचा खर्च होता त्यांनी ट्रक सावकाशीने, बऱ्या भावात विकले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी येईल त्या किमतीला काढले. ट्रक विकावे लागले, या तुमच्या पत्रातल्या ओळीवरून तुम्ही दुसऱ्या गटात होता असं दिसतं. तुमचा अगदी न टळणारा खर्च महिना ४५,००० धरला तर सहा महिन्यांचे २,७०,००० लागतात. हाती आहेत दीड लाख, म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने. त्यातून चाळीस हजार काढले तर अडीच महिन्यांचीही सोय राहत नाही.

ठेवीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तुमच्या पतसंस्थेबद्दल मला काहीही वाईट सांगायचं नाही. पण घरातला अडीनडीचा सगळा पैसा तिथे ठेवू नये. मार्चमध्ये मुदत संपली की निदान एक लाख बँकेत हलवा. व्याज अर्धा-पाऊण टक्का कमी मिळालं तरी चालेल.

मग सहलीला पैसे लागतात किती? इथे यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याचा आपण पुरेपूर फायदा घेऊ. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला सातही रात्री खोली लागते. तुमचं घर किनाऱ्यापासून तासा-दीड तासावर आहे. उत्तरेकडचा किनारा घराच्या आधाराने होतो. दक्षिणेचा होत नाही. डिचोलीहून आगोंदला जाऊन त्याच दिवशी परत यायचं तर सासूबाईंचा अर्धा दिवस गाडीत जाईल आणि समुद्र दिसेल तासभर. तेव्हा रात्रींचे पैसे दक्षिणेला खर्च करा.

पण सगळा उत्तर भाग घरूनच करा, असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण तुम्ही स्वतः. घरी परतलं की गॅस पेटवायचा, धुणं टाकायचं, उद्याचा डबा बघायचा. सुटी तिघांची होईल, तुमची नाही. म्हणून एक रात्र हरमल किंवा मांद्रेला राहा.

माझ्या डोळ्यासमोर असा आठवडा आहे. शनिवारी सकाळी निघून केरी. तिथली सुरूची झाडं, आजोबाचं देऊळ, मग फेरीबोटीने पलीकडे तेरेखोलचा किल्ला. गाडी अलीकडेच ठेवा, पायी चढणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट नाही. रात्री हरमल. रविवारी मोरजी करून रात्री घरी, कपडे बदलायला आणि तुळशीला पाणी घालायला. जेवण मात्र म्हापशाहून बांधून आणा. सोमवारी बाणावली, तिथे दोन रात्री. बुधवारी किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरा. बाणावलीहून वार्का, केळशी, मग साळ नदी ओलांडून आसोळणा, बेतुल, आणि पुढे डोंगरातून काब द रामच्या किल्ल्यावर. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, पण त्याला पूर्ण दिवस द्या. गोव्याच्या किनाऱ्यावर याहून सुंदर रस्ता मला माहीत नाही, आणि त्याला पेट्रोलाखेरीज दमडी लागत नाही. रात्री आगोंद, तिथेही दोन रात्री. गुरुवारी पाळोळे आणि गालजीबाग, सासूबाईंसाठी श्रीस्थळचा मल्लिकार्जुन आणि पर्तगाळीचा मठ. शुक्रवारी घर.

बाहेरच्या पाच रात्री झाल्या. चौघांना दोन साध्या खोल्या, पंख्याच्या, स्वच्छ. समुद्र दिसणाऱ्या खोलीचा हट्ट सोडला आणि किनाऱ्यापासून पाच-सात मिनिटं आत गावातल्या घरगुती गेस्ट हाऊसमध्ये राहिलात तर नोव्हेंबरात खोलीमागे दीड हजार धरायला हरकत नाही. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर आता पाच टक्के जीएसटी आहे. लहान गेस्ट हाऊसवाले बहुधा तो लावत नाहीत, पण हिशेबात धरू. दोन खोल्या, पाच रात्री : १५,७५०.

जेवणाचा खर्च हाच सगळ्यात आधी हाताबाहेर जातो. सकाळी गावातल्या हॉटेलात पातळ भाजी, पाव, बन्स, चहा. दुपारी स्थानिक लोक जिथे जेवतात तिथली माशाची थाळी. जुलैअखेर मासेमारीची बंदी उठते, त्यामुळे नोव्हेंबरात मासळी मुबलक असते. रात्री हवं तर एखाद्या दिवशी शॅकवर, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेलात, बसा, पण एखाद्याच. तोच बांगडा तिथे दुपटीने पडतो. दिवसाला चौघांचे २,५०० धरले तर सहा दिवसांचे १५,०००. पेट्रोल : सगळं मिळून सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, जुन्या गाडीला पंधराचं ॲव्हरेज, लिटर शंभर रुपये धरा, म्हणजे तीन हजार. पाळोळ्याहून होडीची एक फेरी आणि मुलाच्या हौशीचं काहीबाही, तीन हजार. अचानक काही आलं तर सव्वातीन हजार. बेरीज ४०,०००.

गाडीने ऐनवेळी दगा दिला तरी बेत मोडत नाही. कदंबची बस मडगावपर्यंत आणि तिथून काणकोणला कोकण रेल्वेची मंगळुरूकडे जाणारी मेमू, म्हणजे साधी पॅसेंजरसारखी गाडी. तिकीट माणशी पन्नास रुपयांच्या आत. फक्त बेतुलचा रस्ता हुकेल.

आता हे चाळीस हजार कुठून आणायचे. यजमानांना दिवाळीला साधारण १८,००० बोनस मिळतो असं तुम्ही लिहिलंय. आजपासून दिवाळीपर्यंत पाच पगार आहेत, प्रत्येकातून उरणारे तीन हजार बाजूला टाकले की १५,०००. झाले ३३,०००. सासूबाई आपल्या साठवणीतले दहा हजार देऊ करताहेत आणि ते घेणं तुम्हाला प्रशस्त वाटत नाही. पाच हजार घ्या. त्यांना आपल्या हाताने द्यायचं आहे, पूर्ण नाकारलंत तर त्या आठवडाभर पाहुण्यासारख्या बसतील. उरलेले पाच त्यांच्या औषधपाण्याला त्यांच्याकडेच असू देत. राहिले दोन हजार. सहा दिवस घरची चूल बंद राहणार, त्यात वाणसामान, मासळी, गॅस मिळून तेवढे सहज सुटतात.

महिन्याचे तीन हजार पिग्मीत, म्हणजे एजंट रोज घरी येऊन गोळा करतो त्या ठेवीत, घालू नका. पिग्मी वर्षाच्या आत मोडली की बऱ्याच ठिकाणी व्याज मिळत नाही आणि वर कमिशन कापून घेतात. कुठल्याही बँकेत एक वेगळं बचत खातं ठेवा, त्याला यूपीआय जोडू नका, पगाराच्या दिवशीच पैसे तिकडे वळवा.

या चाळीस हजारांची खरी किंमतही सांगायला हवी. हेच पैसे सात टक्क्यांनी दोन वर्षं ठेवले असते तर सुमारे ४५,८०० झाले असते, आणि तेव्हा तुमचा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असेल. ते तुम्ही सोडताय. एसआयपी किंवा आवर्ती ठेव थांबवून जाणार असतात तर मी नको म्हटलं असतं. ती दोन्ही चालू राहताहेत, ठेव शाबूत आहे आणि परत आल्यावर कोणाचं देणं नाही, म्हणून मनापासून जा म्हणतो. परतल्यावर मात्र तेच तीन हजार त्याच खात्यात टाकत राहा. ते सहा महिन्यांचा राखीव खर्च पुरा करायला.

वेळ निवडताना डिसेंबरचा शेवटचा आठवडा विसरा. तेव्हा तीच खोली तिप्पट भावाने जाते आणि रस्त्यावर गाडी हलत नाही. दिवाळीचा पहिला आठवडाही टाळा, कारण त्या दिवसांत गुजरात-मुंबईकडचे पर्यटक लोटतात. शाळेच्या दिवाळी सुटीचा शेवटचा आठवडा तुमच्यासाठी चांगला. पाऊस गेलेला, उकाडा कमी, भाव अजून चढलेले नाहीत. फक्त तो आठवडा २० नोव्हेंबरच्या पुढे जात असेल तर पणजीजवळ मुक्काम नको. इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे तिथे खोल्या महाग होतात. तुमच्या आखणीत पणजी नाहीच म्हणा.

खोली ठरवताना एक सावधगिरी. माझ्या बहिणीने समाजमाध्यमावरचे फोटो बघून एका नंबरवर चार हजार आगाऊ पाठवले होते. तिथे गेल्यावर त्या नावाची जागाच नव्हती. तुम्ही गोव्यात राहता, बाहेरच्यांना न मिळणारी सोय तुमच्याकडे आहे. सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी यजमानांनी जाऊन खोल्या डोळ्यांनी बघाव्यात, मालकाशी बोलावं आणि हजारभर रुपये हातात देऊन पावती घ्यावी. समोरासमोर भाव दोनशे-तीनशेने उतरतोही. फोनवरून सगळी रक्कम कोणी मागितली तर देऊ नका. कधी फसगत झालीच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थोपवली जाण्याची शक्यता जास्त.

आगोंदचा समुद्र दिसायला शांत आहे, पण तिथे पाण्याला आत खेचणारी ओढ आहे. मुलाला पोहायचं असेल तर पाळोळ्याला, जीवरक्षकांच्या झेंड्यांच्या आत. आगोंद, मोरजी, गालजीबाग या तिन्ही ठिकाणी कासवं अंडी घालायला येतात. कुंपण केलेला भाग दिसला तर त्याच्या बाहेरूनच जा.

हरमल आणि बाणावलीच्या खोल्या सप्टेंबरात पक्क्या करा. आगोंदची मात्र बोनस हातात पडल्यावर. बोनस १२,००० च्या खाली आला तर आगोंदच्या दोन रात्री काढून टाका, बुधवारी काब द राम बघून संध्याकाळी सरळ घरी या. दहा-अकरा हजार वाचतील. तेव्हाही ठेव मोडायचा विचार मनात आला तर आधी मला लिहा.