वाचकांचे प्रश्न : जुनी लेन्स अनंतापर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न : वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ लेन्स मी पातळ अ‍ॅडॉप्टर लावून निकॉनच्या डीएसएलआरवर बसवली. जवळची फुले सुरेख येतात, परंतु दूरची झाडे काही केल्या स्पष्ट होत नाहीत. लेन्स बिघडली आहे का?

उत्तर : लेन्स ठणठणीत आहे, घोळ आहे तो जेमतेम एका मिलिमीटरचा. लेन्स ज्या धातूच्या कड्यावर टेकते तेथून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटसाठी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याच्या प्रत्येक पद्धतीसाठी, ठरलेले असते. आपल्या लेन्सच्या एम४२ या आट्यांच्या माउंटसाठी ते ४५.४६ मिमी आहे, तर निकॉनच्या एफ माउंटसाठी ४६.५ मिमी. म्हणजे अ‍ॅडॉप्टरची जाडी शून्य धरली तरी लेन्स हवी त्यापेक्षा मिलिमीटरभर पुढे राहते, आणि मग फोकसचे कडे अनंताच्या, म्हणजे अतिदूरच्या वस्तूंच्या, खुणेवर नेले तरी फोकस प्रत्यक्षात सुमारे सव्वातीन मीटरवरच अडतो. अ‍ॅडॉप्टरच्या जाडीने तो आणखी अलीकडे येतो. ही तूट भरून काढण्यासाठी काही अ‍ॅडॉप्टरमध्ये छोटे भिंग बसवलेले असते. त्याने अनंत साधते खरे, पण ते भिंग बहुधा सुमार दर्जाचे असल्याने चित्राची धार बोथट होते. त्यापेक्षा या कॅमेऱ्यावर फुलेच टिपावीत, असे माझे मत आहे.

हीच लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर मात्र निर्वेध चालते. तेथे डीएसएलआरमधला, प्रतिमा व्ह्यूफाइंडरकडे वळवणारा आरसाच नसल्याने हे अंतर निकॉन झेडमध्ये १६, सोनी ई मध्ये १८ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमी इतके कमी असते, आणि उरलेली जागा काच नसलेल्या पोकळ नळीने भरून काढता येते. कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नसल्यामुळे ‘लेन्सविना शटर’ हा पर्याय मेनूतून चालू करावा लागतो. कॅमेऱ्याच्या बॉडीत स्थिरीकरण (हाताची थरथर भरून काढणारी सोय) असेल, तर त्याला लेन्सचा ५८ मिमी हा आकडाही हाताने सांगावा. तो चुकीचा राहिला तर हात स्थिर असूनही चित्र हलल्यासारखे येते.

हेलिओस ४४-२ वर अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची) दोन कडी असतात, हे आपल्या लक्षात आलेच असेल. एका कड्यावर समजा ५.६ ठरवून ठेवावे (आकडा मोठा तितके छिद्र लहान), दुसरे कडे पूर्ण उघडून एफ/२ वर फोकस साधावा आणि डोळा न हलवता तेच कडे अडेपर्यंत फिरवावे. ते नेमके ५.६ वर थांबते. एकदा बोटांना सवय झाली की ही क्रिया फार जलद होते.

प्रश्न : माझ्याकडची ५० मिमी, एफ/१.४ लेन्स डीएसएलआरवर अनंतापर्यंत फोकस होते. तरीही व्ह्यूफाइंडरमध्ये नीट दिसणारे चेहरे संगणकावर पाहिले की अंधूक निघतात. दृष्टीदोष म्हणावा का?

उत्तर : चष्म्याचा नंबर तपासण्यापूर्वी कॅमेऱ्याकडे पाहावे. फिल्मच्या काळातील हाताने फोकस करायच्या अनेक कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमधील काचेवर मधोमध दुभंगलेली प्रतिमा दिसत असे आणि तिचे दोन तुकडे जुळले की फोकस साधला असे समजे. ऑटोफोकसच्या कॅमेऱ्यांत ही काच प्रतिमा उजळ दिसावी म्हणून बनवलेली असते; लेन्स एफ/१.४ वर उघडी असली तरी ती स्पष्टतेची खोली (पुढे-मागे किती अंतर स्पष्ट दिसते ते) साधारण एफ/२.५ च्या आसपासची दाखवते. जे फोकसबाहेर आहे तेही म्हणूनच डोळ्याला स्पष्ट भासते. कॅमेरा तिपाईवर ठेवून मागच्या पडद्यावर थेट दृश्य घ्यावे, ते मोठे करावे आणि पापण्यांचे केस वेगळे दिसू लागेपर्यंत कडे सावकाश फिरवावे. मिररलेसमधील रंगीत कडा दाखवणाऱ्या ‘पीकिंग’वर फार विसंबू नये, ती सोय केवळ गडद-फिक्या सीमा शोधते आणि नाकाच्या कडेलाही तितक्याच खात्रीने रंगवते.

प्रश्न : जुन्या सुपर-ताकुमार ५० मिमी, एफ/१.४ लेन्सची काच चहासारखी पिवळी पडली आहे. पुसून जात नाही.

उत्तर : पुसून जाणार नाही, कारण डाग पृष्ठभागावर नाही. या लेन्सच्या बहुतेक प्रतींत अपवर्तनांक वाढवण्यासाठी थोरियमयुक्त काच वापरलेली आहे आणि थोरियमच्या किरणोत्साराने ती काच आतूनच हळूहळू पिवळी होते. अतिनील प्रकाशाखाली काही दिवस ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवायची असेल तर देखरेखीखालीच ठेवावी: भिंग ऊन एकवटते आणि मागची वस्तू जळू शकते, शिवाय उष्णतेने आतील वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरते. किरणोत्सार सौम्य असून नेहमीच्या वापरात काळजीचे कारण नाही; मात्र काच घासू किंवा फोडू नये, आणि हे भिंग डोळ्याशी लावून पाहण्यासाठी कधीच वापरू नये.

प्रश्न : जुनी लेन्स विकत घेताना सर्वांत आधी काय पाहावे?

उत्तर : अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकावा आणि समोरून तिरक्या कोनातून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी आणि लेन्स परत द्यावी. धुळीचे चार कण मात्र खुशाल सोडून द्यावेत; चित्रात ते उमटत नाहीत.