गोणी भरण्याआधी

चि. गटप्रमुख,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. राष्ट्रीय सेवा योजनेची साठ मुलं घेऊन रत्नागिरीजवळच्या भाट्याचा किनारा साफ करायचा, सप्टेंबरचा तिसरा शनिवार, सकाळी आठ वाजता, असं तुम्ही ठरवलंय. त्या दिवशी जगभर किनारे साफ करतात हे खरं, पण तिथी कोणती आहे ते बघितलंस का? आपल्याकडचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी असेल तर साडेसातला भरती. आठ वाजता मुलं उतरतील तेव्हा पाणी वर चढलेलं, आणि पूर्ण ओहोटी लागेपर्यंत दुपारचे पावणेदोन! तृतीया धरलीस तर भरती रात्री सव्वादोनला, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. साडेसहाला सुरू करून नऊला मुलं घरी. हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घे. पण दिवस समुद्राला विचारून ठरव. शनिवार आठ दिवस पुढे गेला तर काही बिघडत नाही.

दुसरं, गाडी. मुलांना निरोप जाण्याआधी कचरा कोण, कधी, कुठे नेणार हे कागदावर लिहून घे. माझ्या पहिल्या वर्षी मी फोनवरच्या ‘पाठवतो’वर विसंबलो. आम्ही त्रेचाळीस गोण्या भरल्या, प्रत्येकीवर रंगाने नंबर घातला आणि भरतीच्या रेषेच्या वर रचून ठेवल्या. ती रेषा भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं त्या भरतीची होती, हे मला कळायला हवं होतं. गाडी येते येते म्हणत आठवडा गेला आणि अमावास्येचं उधाण आलं. पुढच्या रविवारी सतरा नंबरची गोणी पुळणीत अर्धी गाडलेली सापडली, रिकामी. ज्या मुलाने ती भरली होती तोच ती हातात धरून उभा होता. काही बोलला नाही. पुन्हा आला मात्र नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मूळ प्रश्न, शिकवायचं काय? बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सभागृहात भाषण होतं आणि सकाळी हातमोजे वाटतात. तसं करू नकोस. आधीच्या आठवड्यात एकदा दहा-बारा गटनायकांना ओहोटीला किनाऱ्यावर घेऊन जा. चार काठ्या रोवून दोरीने मीटरभराचा चौकोन आख. प्रत्येक चौकोनाभोवती तीन-चार जणांना बसव आणि पहिली पाच मिनिटं हात लावू देऊ नकोस, नुसतं बघायचं. आधी कुणालाच काही दिसत नाही. मग एकाला थर्माकोलचा मणी दिसतो, दुसरीला दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, कान साफ करायची काडी, गुटख्याच्या पुडीची चकाकती कड. आणि त्यातच कुर्लीचं बीळ, त्याच्याभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी. ती गोळी कुणी केली, हे मुलांना विचारू दे. किनारा ही कुणाची तरी राहायची जागा आहे, हे तिथे बसल्यावर आपोआप कळतं, त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही.

माझा सगळा भर यावरच आहे बघ: काय उचलायचं यापेक्षा काय उचलायचं नाही, हे आधी शिकव. शेवाळ, वाहून आलेली लाकडं, शंख-शिंपले तिथेच राहू द्यावेत. जांभळ्या फुलांची मर्यादवेल तर अजिबात उपटायची नाही. तीच वाळू धरून ठेवते. दंताळी मागवू नकोस, त्याने बिळं मोडतात. आणि मोहीम थंडीत घेतलीस तर जास्त जपून, कारण साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून त्यांची घरटी राखायचं काम चाललंय, तिथल्या लोकांशी एकदा बोलायला मुलांना ने.

जाळ्यांचं वेगळं आहे. वाळत घातलेलं जाळं, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची दोरी, जाळं तरंगत ठेवणारी बोयरी हे कुणाचं तरी पोट आहे. आधी जवळच्या घरात विचारायचं, मगच हात लावायचा. एकदा आमच्या मुलींनी उत्साहाने चांगली दोरी गोणीत कोंबली होती. त्या घरची आजी धावत आली. आम्ही माफी मागितली, त्यांनी चहा दिला, आणि पुढच्या वर्षी त्याच घरातून आम्हाला पिण्याच्या पाण्याची कळशी मिळाली. वाळूत अडकलेलं फाटकं जाळं ओढायचं नाही, भोवतीने उकरून सोडवायचं. ओढलं की पाठ धरते आणि जाळं तुटून निम्मं आतच राहतं.

जपायच्या गोष्टी थोडक्यात. पातळ दवाखान्यातले मोजे चालत नाहीत, रबर लावलेले सुती घे. काच, गळ, सुई हे गोणीत नाही, झाकणाच्या डब्यात, आणि तेही गटनायकानेच उचलायचं. निळे फुगे, म्हणजे फुग्यासारखे दिसणारे डंख मारणारे समुद्री जीव (ब्लू बॉटल), दिसले तर मेलेले असले तरी शिवायचं नाही. डंख झालाच तर समुद्राच्या पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. पायाला डांबराचा गोळा लागला तर खोबरेल तेलाने निघतो. पाण्यात कुणीही उतरायचं नाही. सप्टेंबरचा समुद्र अजून शांत झालेला नसतो आणि तिथे खाडीचं तोंड आहे. गोणी निम्मीच भरा, ओल्या वाळूने ती दुप्पट जड होते.

प्रत्येक गटात एकाच्या हातात फक्त वही-पेन्सिल दे. गोण्या किती, यापेक्षा चपला किती, पुड्या किती, दुधाचे कोपरे किती, हे आकडे मोलाचे. कोपरे शेकड्यांनी निघाले की मुलं घरी जाऊन आईला पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नको म्हणून सांगतात. हे मी स्वतः पाहिलंय.

आणि एकाच दिवसावर थांबू नकोस. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका शेजाऱ्याला सोबत घेऊन सुरुवात केली, मग आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले. मार्च २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तुझ्या मुलांना वर्षाचे एकशेवीस तास भरायचेच असतात. ते एका शिबिरात उधळण्याऐवजी महिन्यातून एक सकाळ अशी वाटणी करून बघ. साठातली वीस टिकली तरी भरपूर झाली.

चौकोनासाठी दोरी आणि काठ्या माझ्याकडे आहेत, माडाखाली ठेवल्यात. गटनायकांना कधी नेतेस ते तिथी बघून कळव, मी येईन. येताना प्रत्येकाला पाण्याची स्टीलची बाटली आणायला सांग.

तुझे सर