‘मॅडम, ह्यात मी कुठाय?’

“सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग छाती धडधडते ती कशानं?” हे विचारणारे बहुतेक पुरुष असतात. एक प्रश्न ते गिळून टाकतात: बायकांचं दुखणं मला कसं झालं?

महादेवभाऊ (नाव बदललंय) 46 वर्षांचे, खासगी बसवर ड्रायव्हर. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात त्यांना पहिल्यांदा वाटलं, आता मेलो. दरदरून घाम, हाताला मुंग्या, श्वास पुरेना. त्यानंतर तीन ईसीजी झाले. हृदयाच्या डॉक्टरांनी नीट तपासून मानसोपचारासाठी माझ्याकडे पाठवलं, म्हणूनच मी पॅनिक अटॅकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचं, नाव काढलं. ती तपासणी आधी व्हायलाच हवी.

त्यांनी मोबाइल पुढे केला. लेकीनं ‘अँक्झायटी’ (चिंता, घबराट) शोधून फोटो काढून दिले होते. खिडकीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली गोरी तरुणी, डोकं हातात. पुढच्या फोटोत तशीच दुसरी. “ह्यात मी कुठाय? मी रडत नाही, मॅडम. मी चिडतो.”

त्यांचं खरंच होतं. असं दुखणं पूर्वी बायकांचा ‘हिस्टेरिया’ म्हणून खपवलं जाई; तो शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला. 1870 च्या दशकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली हिस्टेरियाच्या रुग्णांच्या फोटोंचे संग्रह छापले गेले, ते बायकांचे. त्याच सुमारास, 1871 मध्ये, अमेरिकेत डॉ. दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, धाप, छातीतलं दुखणं नोंदवलं आणि त्याला ‘इरिटेबल हार्ट’ (चिडखोर हृदय) म्हटलं. पुरुषाचं दुखणं हृदयाच्या खात्यावर गेलं.

सोबत आलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, “माझ्या छातीत दुखलं की डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका.” त्यांचा ईसीजी कुणी काढलाच नव्हता. त्याच दिवशी मी त्यांना तपासणीला पाठवलं.

रंगाचाही घोळ होताच. “तोंडावर तर काही दिसत नाही,” म्हणून मालकानं महादेवभाऊंना ढोंगी ठरवलं होतं. भीतीनं माणूस पांढराफटक पडतो हे आपण धरूनच चालतो. सावळ्या चेहऱ्यावर फिकेपणा पटकन कळत नाही. ओठ, तळहात, पापणीची आतली बाजू बघावी लागते.

मी त्यांना सांगितलं, तुमच्या भीतीचा फोटो तुम्हीच काढून आणा. पुढच्या खेपेला एकच फोटो होता: स्टिअरिंगला गुंडाळलेला पंचा, दोन्ही हातांच्या जागी घामानं काळा पडलेला. त्या फोटोवर आम्ही तासभर बोललो. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरत जातो, हे त्यांना तेव्हा पटलं. लांब उच्छ्वास सोडायचा सराव तिथूनच सुरू झाला.

सहाव्या भेटीला ते क्लीनरच्या सीटवर बसून बोगद्यातून आले, डोळे उघडे ठेवून. स्टिअरिंग अजून हातात घेतलेलं नाही.