जुनी नाणी शोधायला नव्या जागी मेटल डिटेक्टर घेऊन गेल्यावर सुरुवात कुठून करावी?

जागामालकाची परवानगी मिळालीय, जमीन काही एकरांची आहे, तिथे पूर्वी वस्ती होती असं लोक सांगतात आणि यंत्र नवं आहे. तर पहिल्या दिवशी कोणतं सेटिंग ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. सेटिंगकडे येतोच, पण आधी कुठे शोधायचं ते ठरवा. एक एकर जमीन पट्टा न सोडता नीट पालथी घालायला कित्येक तास जातात. त्यामुळे मिळेल तिथून सुरुवात केलीत तर पहिले काही दिवस बाटल्यांची झाकणं आणि तारा उकरण्यातच जातील.

१८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी शरीरातली गोळी शोधण्यासाठी मेटल डिटेक्टरच्याच तत्त्वावरचं यंत्र बनवलं होतं. डॉक्टरांनी त्यांना फक्त उजवी बाजू तपासू दिली. शवविच्छेदनात गोळी निघाली डाव्या बाजूला. शोधायची जागाच चुकली तर यंत्र काय करणार? मेटल डिटेक्टर वापरणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

माणसं जिथे थांबत, बसत, वाकत किंवा पैसे मोजत, तिथेच नाणी पडत. पाणवठा, नदी ओलांडायचा उतार, दोन वाटा मिळतात तो कोपरा, मोठ्या जुन्या झाडाची सावली, बाजार भरायचा ते मैदान. जुना नकाशा मिळाला तर आजच्या उपग्रहचित्राशी ताडून बघा. कोरड्या हंगामातलं चित्र जास्त उपयोगी, कारण गाडलेल्या भिंतीवर माती उथळ असते, तिथलं पीक किंवा गवत लवकर पिवळं पडतं आणि वरून भिंतीची रेघ दिसते. मग एकदा यंत्र न घेता नुसतं चालून या. नांगरटीनंतर किंवा पाऊस पडून गेल्यावर गेलात तर उत्तम. खापरं, विटांचे तुकडे, हाडं, राखट माती जिथे दाट दिसेल तिथे खूण करा.

आता यंत्र. आधी मोबाइल दूर ठेवा आणि मोकळ्या जागी ग्राउंड बॅलन्स करून घ्या, म्हणजे मातीतल्या खनिजांकडे दुर्लक्ष करायला यंत्राला शिकवा. लोहयुक्त मातीत हे नीट झालं नाही तर जमीनच सतत आवाज करत राहते. त्यानंतर, नवशिक्यांना सहसा उलट सांगतात, पण पहिल्या फेरीला डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळायची सोय, पूर्ण बंद ठेवा, म्हणजे लोखंडही ऐकू येईल. लांब अंतराच्या रेघांमध्ये चाला, उकरू नका, फक्त ऐका. बराच वेळ शांतता आणि मग एका पट्ट्यात लोखंडाची खरखर सुरू झाली, की समजा घरं तिथे होती. खिळे, कड्या, बिजागऱ्या, नाल हे सगळं माणसांच्या वावराबरोबर येतं. पुष्कळ जण या आवाजाला कंटाळून पुढे जातात. तुम्ही तिथेच थांबा.

या पट्ट्यात काम फार सावकाश करावं लागतं. नाण्याशेजारी खिळा असेल तर खिळ्याचा सिग्नल नाण्याला झाकून टाकतो. डिस्क्रिमिनेशन चढवलं असेल तर यंत्र खिळा गाळतं आणि त्याबरोबर नाणंही गप्प होतं. लहान कॉइल (दांडीच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) लावली तर ती एका वेळी कमी जागा बघते आणि दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतात. कॉइल जमिनीला समांतर ठेवून डावी-उजवीकडे फिरवा, फेरीच्या टोकाला वर उचलू नका, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढू द्या. सिग्नल आला की काटकोनात फिरून पुन्हा तपासा. दोन्ही बाजूंनी आवाज सारखा आला तर उकरा. एकाच बाजूने आला तर बहुतेक वेळा खिळा असतो, पण उभं रुतलेलं नाणंही असंच फसवतं, म्हणून जुन्या वस्तीत असे संशयास्पद आवाजही मी सोडत नाही. धातू कोणता असावा ते सुचवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. चांदीचा आकडा वर येतो हे खरं, पण सोन्याची लहान वस्तू आणि अ‍ॅल्युमिनियमचा कपटा यांचे आकडे एकच असू शकतात.

उकरताना गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर उलटा, म्हणजे नंतर तसाच बसवता येतो. वस्तू निघाल्यावर खड्डा पुन्हा तपासा, नाणी पुष्कळदा एकापेक्षा जास्त असतात. नांगराने हललेल्या थराखाली मात्र जाऊ नका, आणि बरीच नाणी एकत्र दिसली तर तिथेच हात थांबवा. १९९२ साली इंग्लंडमध्ये हॉक्सन इथे एरिक लॉज आपल्या एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा मेटल डिटेक्टरने शोधत होते. नाणी आणि चांदीचे चमचे लागताच त्यांनी खणणं थांबवून कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी बाकीचं जागेवर उकललं, म्हणूनच तो सुमारे पंधरा हजार रोमन नाण्यांचा ठेवा लाकडी पेटीत कसा रचला होता हेही कळलं. तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हातही लावू नका, लांब जाऊन पोलिसांना कळवा.

मालकाची परवानगी कायद्याची जागा घेत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर यंत्र बाहेरच काढू नका. सापडलेला ठेवा कळवण्याची सक्ती भारतात १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने आहे, इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने. तुमची जमीन जिथे असेल तिथला नियम उकरण्याआधी वाचा.

नाणं हातात आल्यावर अंगठ्याने चोळायचा मोह होतो, तो आवरा. मातीतले कण ओरखडे पाडतात, आणि तांब्यावरचा हिरवट थर घासून काढला की खालचे अक्षरांचे तपशीलही त्याबरोबर जातात. मऊ कागदात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर जागा, खोली आणि तारीख लगेच लिहा. अशा नोंदी नकाशावर मांडल्या की पुढच्या वेळी कोणता कोपरा धरायचा ते दिसायला लागतं.