सभागृहातला 'येलो' आणि राजपत्रातला 'येलो'

प्रश्न: आमचं गाव हद्दवाढीत नगरपरिषदेत गेलं. वडिलांच्या नावावर एकाच गटात ६२ आर जमीन आहे, त्यात विहीर आणि जुनं घर. नगरपरिषदेनं प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली. तिच्यात आमच्या गटातून १८ मीटरचा रस्ता दाखवलाय, २१ आरवर बागेचं आरक्षण आहे आणि बाकीची जमीन शेती विभागात. ओढ्यापलीकडची जमीन मात्र रहिवासी! सर्वसाधारण सभेत यावरून गोंधळ झाला. आमच्या प्रभागाचे नगरसेवक म्हणतात, "ठराव करून तुमचाही पट्टा येलो, म्हणजे रहिवासी, करून घेतो." एका प्लॉटिंगवाल्यानं त्या भरवशावर इसार देऊ केलाय. हरकतीसाठी राजपत्रातल्या नोटिशीत ३० दिवस दिलेत, त्यातले ९ गेले. काय करावं? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: आधी इसाराचं. घेऊ नका. निदान आज तरी नाही. कारण खाली येतंच.

सभेत जे चाललंय त्याला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ठरलेली जागा आहे, आणि ती नगरसेवक सांगतात त्यापेक्षा बरीच लहान आहे. प्रारूप योजना कलम २६ खाली प्रसिद्ध होते. आलेल्या हरकती कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे जातात. तिच्यात नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार बाहेरचे जाणकार असतात. समिती ऐकते, अहवाल देते, मग सभा त्यावर बदल ठरवते. एवढं झाल्यावरही योजना अंतिम होत नाही. ती कलम ३० खाली शासनाकडे जाते आणि कलम ३१ खाली शासन ती मंजूर करतं, फेरफारासह किंवा फेरफाराशिवाय. तेव्हा सभागृहात हात वर करून तुमची जमीन रहिवासी होत नाही. सभेचा ठराव फार तर शासनाकडे गेलेली शिफारस. आणि हरकतच नोंदवली नसेल, तर समितीपुढे तुमच्या गटाचा विषय येण्याचं कारणच उरत नाही. नगरसेवकांशी गोड राहा, पण कागद स्वतः द्या.

आता तुमच्या गटाचा हिशेब मांडू. ६२ आर म्हणजे ६,२०० चौरस मीटर. रस्ता तुमच्या गटातून साधारण ७० मीटर जातो असं तुम्ही पाठवलेल्या भाग नकाशावरून (योजनेच्या नकाशाचा तुमच्या गटापुरता उतारा) दिसतं. १८ गुणिले ७० म्हणजे १,२६० चौरस मीटर. बाग २,१००. उरले २,८४०, म्हणजे सुमारे २८ गुंठे. रस्ता मधूनच जात असल्यानं त्याचेही दोन भाग पडतात: ओढ्याच्या बाजूला साधारण २० गुंठे आणि दुसरीकडे ८ गुंठ्यांची चिंचोळी पट्टी. तुमचं खरं दुखणं तीन वेगळ्या गोष्टींचं आहे: रस्ता, आरक्षण आणि वापर विभाग. "आमच्यावर अन्याय झाला, सर्व रद्द करावे" अशी एकच हरकत दिलीत तर तिन्ही एका शेऱ्यात निकाली निघतील. समिती बाबवार निर्णय घेते. म्हणून एकाच अर्जात तीन स्वतंत्र मुद्दे करा आणि प्रत्येकाखाली कारण, पुरावा आणि पर्यायी मागणी लिहा.

रस्त्याचा मुद्दा सर्वांत नाजूक. बहुतेक जण लिहितात, रस्ता शेजारच्या गटातून न्या. इथे कलम २२अ आडवं येतं. प्रारूपात बाधित नसलेली नवी जमीन रस्त्याखाली आणणारा बदल 'भरीव स्वरूपाचा' ठरतो, आणि मग कलम २९ खाली पुन्हा राजपत्र, पुन्हा हरकती. समितीला ते नको असतं, शेजाऱ्यालाही नको असतं. आणि सुनावणीत शेजारी समोर उभा राहिला की तुमचा मुद्दा गेलाच समजा. त्यापेक्षा असा मजकूर द्या: "गट क्रमांक अमुकमधील प्रस्तावित १८ मीटर रस्त्याची आखणी याच गटाच्या पूर्व बांधालगत सरकवावी, जेणेकरून विद्यमान विहीर व घर वाचेल आणि उर्वरित क्षेत्र एकसंध राहील, त्यास आमची हरकत नाही." पण रस्ता दोन्हीकडच्या गटांत पुढे जातो, हे विसरू नका. तुमच्या बांधावर तो काटकोनात वळवून चालणार नाही. दोन्ही टोकांना सौम्य वळण कसं बसेल ते भाग नकाशावर तांबड्या रेघेनं दाखवा आणि त्यासाठी शेजाऱ्याची थोडी जमीन लागत असेल तर त्याचं लेखी संमतिपत्र आताच घ्या. नगररचनाच्या माणसाला दहा पानांच्या तक्रारीपेक्षा अशी एक रेघ लवकर पटते.

विहीर आणि घर यांचा पुरावा वेगळा जोडा. कलम २५ खाली सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा आधी तयार होतो. त्यात तुमची विहीर आणि घर दिसतंय का, हे पालिकेत जाऊन डोळ्यांनी बघा. अनेकदा तिथे नुसती शेती रंगवलेली असते, आणि मग नियोजनकारानं रिकामी जागा समजून रेघ ओढलेली असते. सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद, ग्रामपंचायत काळातला घराचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल आणि मागे तारीख लिहिलेले फोटो एवढं पुरतं.

आणखी एक तपासून घ्या. गटबुक नकाशा (गटाच्या हद्दी दाखवणारा) विकास योजनेच्या नकाशावर बसवताना काही मीटरांची सरक होते, आणि १८ मीटरच्या रस्त्यात पाच मीटरची चूकही विहीर जाण्या-राहण्याला पुरते. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज लगेच करा. तातडीची फी भरली तरी मुदतीत नकाशा हाती येईलच असं धरू नका. हरकतीला अर्जाची पावती जोडा, "मोजणी नकाशा सुनावणीत सादर करू" असं लिहा आणि खरंच करा.

बागेबद्दल दोन मागण्या लिहा, पहिली आणि पर्यायी. पहिली: याच परिसरातल्या शासकीय किंवा गायरान जमिनीवर बाग न्यावी, त्या जमिनीचा गट क्रमांक देऊन. नुसतं "अन्यत्र हलवा" म्हटलं तर कुणी हलवत नाही. पर्यायी: आरक्षण ठेवायचंच असेल तर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या अकराव्या प्रकरणातल्या समावेशक आरक्षणाच्या तरतुदी लागू कराव्यात. ही नियमावली डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर लागू आहे. तिच्यात आरक्षित जागेचा काही भाग विकसित करून पालिकेला देण्याच्या आणि उरलेला स्वतः वापरण्याच्या अटी प्रयोजनवार दिल्या आहेत.

रहिवासी विभागाची मागणी करताना "पलीकडच्याला मिळालं" हे लिहू नका, ते कारण होत नाही. पाणी, रस्ता, गावठाणापासूनचं अंतर, ओढ्याची पूररेषा, लगतच्या वस्तीची सलगता, हे लिहा. ओढ्याकाठची पट्टी हिरवी ठेवण्याला तुमची हरकत नसल्याचं स्वतःहून लिहिलंत तर बाकीच्या जमिनीसाठी बाजू बळकट होते. (तेवढ्या पट्टीसाठी भांडून बाकीची जमीन घालवणारे कमी नाहीत.)

हरकत दोन प्रतींत द्या. आवक क्रमांक आणि शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या, आणि तीच प्रत स्पीड पोस्टानंही पाठवा. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात, वर्तमानपत्रात तुम्ही वाचलेल्या तारखेपासून नव्हे. तिसाव्या दिवशी खिडकीवर रांग असते, तेव्हा पंचविसाव्याच्या आत मोकळे व्हा. हरकत घ्यायला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागत नाहीत, कुणीही हरकत देऊ शकतं. सुनावणीला मात्र वडील येणार नसतील तर तुमच्या नावे अधिकारपत्र हवं. तिथे मिनिटं मोजकीच मिळतात. मोठा केलेला भाग नकाशा उलगडा, रेघ दाखवा, तीन मागण्या वाचा, संपलं. राजकारण काढू नका.

समितीनं तुमचं ऐकलं आणि सभेनं मान्य केलं, तर जल्लोष करून घरी बसायची चूक बरेच जण करतात. अहवालाची आणि ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा, फी दहा रुपये. पुढे शासन मंजुरीच्या वेळी वगळलेलं आरक्षण परत घालू शकतं, विभाग पुन्हा बदलू शकतं. अधिसूचनेच्या अनुसूचीत 'एसएम' म्हणून मंजूर केलेले फेरफार असतात आणि 'ईपी' म्हणून वगळलेले भाग, ज्यांवर शासन नव्यानं हरकती मागवतं. तुमचा गट 'ईपी'त सापडला तर दुसरी मुदत सुरू झाली, आणि तिची आठवण कुणी करून देत नाही. आत्ताच्या प्रारूपाला कोर्टात आव्हान द्यायचं म्हणाल तर उच्च न्यायालय बहुधा "आधी हरकतीचा मार्ग वापरा" म्हणेल. दिवाणी दाव्याला कलम १४९ चा अडथळा आहे. अंतिम मंजुरीनंतर, सुनावणीच दिली नाही किंवा कायद्याची पायरीच गाळली असं काही असेल, तर अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका.

आता तो इसार. प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासूनच परवानगी देताना पालिकेला कलम ४६ प्रमाणे त्याचा विचार करावा लागतो. म्हणजे रस्त्याच्या आणि बागेच्या जागेवर आज रेखांकन (लेआउट) मंजूर होणार नाही आणि शेती विभागात रहिवासी प्लॉट पडणार नाहीत. तुकडेबंदीत अलीकडे सवलती आल्या म्हणून गुंठ्यानं विकता येईल, असं तो गृहस्थ सांगत असेल. विक्रीच्या सवलतीनं मंजूर रेखांकन मिळत नाही, आणि त्याशिवाय घेणाऱ्याला बांधकाम परवानगी नाही. त्यानं तसंच बांधलं तर कलम ५३ ची नोटीस येईल, आणि तो पैसे मागायला तुमच्या दारात. करार करायचाच असेल तर नोंदणीकृत साठेखत करा. अंतिम योजनेत रहिवासी विभाग न आल्यास ते आपोआप रद्द होईल आणि इसार बिनव्याजी परत जाईल, अशी अट आणि ठरलेली मुदत त्यात हवी. कुलमुखत्यारपत्र कोणत्याही परिस्थितीत नाही.

सगळं हरलात आणि बाग कायम झाली तर? अंतिम योजना लागू झाली की कलम १२६ प्रमाणे पालिका रोख, विकास हक्क (टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा आणि बिल्डरला विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा २०१३ च्या कायद्यानं भूसंपादन यांपैकी मार्ग घेते. तिजोरी रिकामी असलेली पालिका टीडीआर पुढे करते. दाट वस्तीबाहेर तो जमिनीच्या दुप्पट असतो, कागदावर छान दिसतो, पण लहान शहरात घेणारा बिल्डर आहे का ते आधी विचारा. भूसंपादन झालं तर बाजारभावाला नागरी क्षेत्राचा गुणक एक धरतात, वर शंभर टक्के दिलासा रक्कम. पालिका काहीच करत नसेल तर योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांनी कलम १२७ ची नोटीस द्यायची, मालकी कागदांसह. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपतं. नुसता सभेचा ठराव हे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या गिरनार ट्रेडर्स निकालापासून (२००७) स्पष्ट आहे. पण दहा वर्षं भरली की नोटीस त्याच आठवड्यात द्या. तुम्ही गप्प बसलात आणि मधेच सुधारित योजना आली, तर दहा वर्षं नव्यानं मोजली जातात.

शेवटी वडिलांबद्दल. उतारा त्यांच्या नावावर असला तरी जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींचा हिस्सा त्यात येतो. हरकतीसाठी त्यांच्यावाचून अडत नाही. टीडीआरच्या अर्जाला, साठेखताला किंवा मोबदल्याच्या करारनाम्याला मात्र त्यांच्या सह्या लागतील. ते बोलणं आजच करून घ्या, आणि हरकतीच्या अर्जावर त्यांचीही नावं घाला.